ऑल्वेनची जागा

आमच्या विस्टनब्रुकमधला माणूस तुम्हाला आपली मूळव्याध सांगेल, सुनेशी का पटत नाही ते सांगेल, पण "स्लो कुठून आणलेस?" एवढं विचारा, की तोंडाला कुलूप. स्लो म्हणजे शेतांच्या कडेची जी काटेरी झुडपांची कुंपणं आहेत ना, त्यांना शरदात लागणारी फळं. करवंदाएवढी, काळी-निळी, अंगावर पावडर लावल्यासारखा पांढुरका थर. नुसतं एक तोंडात टाकलं तर गाल आत ओढले जातात आणि डोळे मिटतात. पण तीच टोचून, साखर घालून जिनमध्ये बुडवली आणि नाताळ उलटेपर्यंत अंधाऱ्या कपाटात ठेवली, की जो लालबुंद, गोड, पोटात ऊब देणारा प्रकार तयार होतो, त्यासाठी इथली भली माणसं चर्चच्या पायरीवर उभी राहून धडधडीत खोटं बोलतात.

मी थेल्मा बेडोज. गावातला 'प्लाऊ' हा पब माझा. नवरा होता तेव्हाही माझाच होता, त्याचं बिचाऱ्याचं नाव नुसतं पाटीवर होतं. काउंटरमागे उभी राहून मी या स्लोबद्दलच्या इतक्या थापा ऐकल्यात, की आता कान किटलेत. हा क्लेम गिटिन्सच घ्या. चांगला सहा फुटी गडी, झुडपांची कुंपणं लावण्यात आणि त्यांच्या फांद्या वाकवून विणण्यात हयात गेली. पण स्वतःच्या झुडपाकडे जायचं तर हा आधी उलट्या दिशेच्या बसमध्ये बसतो, दोन थांबे पुढे उतरतो आणि चिखलातून चालत मागे येतो. का? तर कुणी पाठलाग करू नये म्हणून! मी म्हटलं, "क्लेम, तुझा पाठलाग कोण करणार रे? तुझी बायकोसुद्धा करत नाही." तर म्हणतो, "तीच तर करते."

हसण्यावारी नेऊ नका. चांगलं लगडलेलं झुडूप एकदा चार लोकांना कळलं, की दुसऱ्या वर्षी तिथे नुसते काटे. म्हणून ज्याची जागा त्याच्यापाशी. बापाने मुलाला सांगायची ती मरताना, आणि पुष्कळदा तीही राहून जाते.

ऑल्वेन प्रीस माझी मैत्रीण. वेल्सच्या बाजूची, बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि चेष्टेखोर अशी की पाद्र्यालाही सोडायची नाही. तिची स्लो जिन गावात सगळ्यात सरस, हे मी माझ्या पबमध्ये उभी राहून सांगते, ज्याला राग यायचा त्याला येऊ दे. ती ऐन हंगामात फळं काढायची नाही. पहिलं कडक दंव पडून गवत पांढरं होईपर्यंत थांबायची, मग निघायची. कडाक्याने साल फुटते, आतला तुरटपणा मरतो, असं तिच्या आईचं म्हणणं. टोचायला सुई नाही, काटा-चमचा नाही. त्याच झुडपाचा काटा मोडून घ्यायची आणि खिडकीत बसून एकेक फळ टोचत राहायची. आता आम्ही बाकीच्या सगळ्या काय करतो? पिकली की काढतो आणि फ्रीजरमध्ये कोंबतो. तिला सांगितलं तर म्हणायची, "थेल्मा, तू नवरासुद्धा फ्रीजरमधून काढल्यासारखाच निवडलास."

तिचा नवरा विल्फ. दुधाचा टँकर चालवायचा, आता बरीच वर्षं घरीच. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. पण बायकोशी त्याची एक ठरलेली चेष्टा होती. ती फळं घेऊन घरी आली की हा दारात उभा राहून विचारायचा, "काय, यंदा कुणाच्या शेतात दरोडा?" ती म्हणायची, "चंद्रावरून आणलीत." तो म्हणायचा, "चंद्रावर चिखल बराच दिसतोय." आणि ती बूट काढून सरळ त्याच्या हातात द्यायची. दरवर्षी हेच. लोकांचे सण असतात, तसा यांचा तो सण.

या फेब्रुवारीत ऑल्वेन गेली. फुप्फुसाचं दुखणं होतं, फार लांबलं नाही. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले, तेव्हाही नळी बाजूला सारून मला म्हणाली, "तुझ्या पबमधली हवा इथल्यापेक्षा वाईट आहे, तरी मला तिकडेच ने." मी हसले आणि बाहेर येऊन रडले.

तिचं सगळं आटोपल्यावर विल्फ महिनाभर फिरकला नाही. मग एक दिवस दुपारी आला, अर्धा पिंट बिअर घेतली, आणि कुणी जवळ नाही असं बघून माझ्याकडे झुकला.

"थेल्मा, तिनं सांगितलं मला."

"काय सांगितलं?"

"जागा." इतक्या हळू आवाजात, जसा काही बँकेचा दरोडा ठरतोय. "शेवटच्या दिवशी. माझा हात धरला, कान जवळ घे म्हणाली, आणि सांगितलं. म्हणाली, कुणाला सांगू नकोस विल्फ, शपथ घे. मी घेतली."

मी उगाच काउंटर पुसायला घेतला. कारण मला ती जागा ठाऊक होती. मलाच काय, सगळ्या गावाला ठाऊक होती. टेकडीच्या वळणावर अपर फार्मचं जे लांब कुंपण आहे, त्याच्या पलीकडच्या अंगाला ऑल्वेन उभी राहायची. तिची ती भडक लाल लोकरीची टोपी पानं झडलेल्या फांद्यांमधून दिसायची, इकडून तिकडे सरकत जायची. लडलोची बस त्याच वळणावर हळू होते. त्यामुळे बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक माणसाने ती टोपी पाहिलेली. पण त्या पट्ट्यातलं एक फळ कधी कुणी तोडलं नाही. ते ऑल्वेनचं, संपला विषय. क्लेमने तर तिला चढायला सोपं जावं म्हणून तिथली कुंपण ओलांडायची लाकडी पायरी गुपचूप दुरुस्त करून ठेवली होती. आणि तिला हे सगळं माहीत होतं. टोपी बदल म्हटलं तर म्हणाली होती, "अगं, मग मी आहे ते कळणार कसं त्यांना? उगाच कुणीतरी हात मारेल."

पण विल्फचा चेहरा असा उजळला होता, की मी म्हटलं, "छान झालं. जप हो." दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर तो माणूस बदललाच. एप्रिलमध्ये एकदा आला तो स्वेटरला काट्यांनी ओढलेले दोरे घेऊन. "फुललंय," एवढंच म्हणाला. काळ्या फांद्यांवर ती पांढरी फुलं पानांच्याही आधी येतात, ती बघून आला होता. उन्हाळ्यात मला एकेक विचारायला लागला. साखर किती, बरणी रुंद तोंडाची की अरुंद, रोज हलवायची की नाही. लिहून घे म्हटलं तर नको म्हणाला, सवयीनं यायला हवं म्हणे. ऑल्वेनची जुनी बरणी घासून पुसून खिडकीत उपडी घातली होती. जिनची बाटली आणून ठेवली होती. मुलंबाळं त्यांना नव्हती. एक बरणी स्वतःच्या हातानं करायची, तिनं सांगितलेल्या झुडपावरून, तिच्या रीतीनं, एवढंच त्या माणसाला जगात हवं होतं. आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं नसेल, पण मला म्हणाला, "थेल्मा, तिथं उभं राहिलं ना, की ती कुठं हात घालत असेल ते कळतं. तिच्या उंचीपर्यंतच्या फांद्या वाकलेल्या आहेत बघ."

सप्टेंबर लागला तशी फळं काळी-निळी व्हायला लागली. मी म्हटलं, "विल्फ, पिकली की काढ आणि घाल फ्रीजरमध्ये. त्या दंवाची वाट बघण्यात काही अर्थ नाही."

"ती थांबायची."

"ती हट्टी होती."

"मग मीही हट्टी," म्हणाला आणि चक्क हसला. हसत होता ना, मग झालं.

आता इथून पुढचं सांगायला लागले की माझं डोकं फिरतं.

अपर फार्म म्हाताऱ्या मालकाकडून फिलिपा कॉरफील्ड नावाच्या पोरीनं घेतलं. तिशीची असेल, कामसू, चिखलात गुडघ्यापर्यंत उभी राहणारी. म्हाताऱ्यानं कित्येक वर्षं कुंपणांना कात्री लावली नव्हती, म्हणून तर फळं एवढी. फांद्या रस्त्यावर आल्या होत्या, बसच्या काचांना घासत होत्या. ती छाटणं भागच होतं. आता नियमाप्रमाणे पाखरांची घरटी रिकामी होईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट सरेपर्यंत, कुंपणाला हात लावता येत नाही. त्यानंतर ट्रॅक्टरला छाटणीचं यंत्र लावून सगळं गुडघ्याएवढं करायचं तिनं ठरवलं. पण पोर शहाणी. तिनं गावच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर शेताचा भला मोठा नकाशा लावला, टेबलावर रंगीत टाचण्यांची डबी ठेवली, आणि म्हणाली, "तुमच्यापैकी कुणी माझ्या कुंपणावरची फळं नेत असाल तर ती जागा मला दाखवा. टाचणी टोचा. तेवढा पट्टा मी सोडून देईन, वचन देते."

सांगा, यापेक्षा माणसानं आणखी काय करावं?

मी तेव्हा नेमकी हॉस्पिटलमध्ये. गुडघा बदलायचा होता, आणि मग बहिणीकडे लेमिन्स्टरला पडून राहायचं होतं. हॉलमध्ये काय झालं ते मला सगळं होऊन गेल्यावर तिघाचौघांनी सांगितलं, आणि चौघांचं एकच. टाचणी कुणी टोचली नाही. टोचणार कशी? टोचली की बाकीच्यांना जागा कळली! सगळे जण नकाशापुढून चहाचा कप घेऊन फिरले, "वा, छान काढलाय," म्हणाले, आपापल्या झुडपाकडे डोळासुद्धा जाऊ नये म्हणून भलतीकडेच बघत राहिले, आणि केकवर तुटून पडले.

क्लेमनं मला सांगितलं, "पण वळणावरच्या पट्ट्याचं आमच्या सगळ्यांच्या मनात होतं, थेल्मा. ऑल्वेनचा पट्टा. आम्ही विल्फकडे बघत होतो."

"आणि विल्फ?"

"तो बशीकडे बघत होता."

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात!"

"अगं, त्याच्या बायकोची जागा. आम्ही कशी सांगायची? त्याला वाटलं असतं, आम्हाला माहीत आहे."

आता या उत्तरावर मी काय कपाळ फोडू? पण त्याचंही खरं. इथं असंच आहे. दुसऱ्याच्या नाजूक गोष्टीला हात लावायचा नाही. त्याच्या घराला आग लागली तरी आधी दार वाजवून, "माफ करा हं, तुम्ही कामात तर नाही ना?" असं विचारायचं. आणि विल्फनं शपथ घेतलेली. हॉलमध्ये उभं राहून, सगळ्या गावासमोर टाचणी टोचायची म्हणजे मेलेल्या बायकोला दिलेला शब्द मोडायचा. तो बसला तसाच. मी म्हणते, फिलिपाच्या कानात हळूच सांगितलं असतं तर? नंतर तिच्या घरी जाऊन सांगितलं असतं तर? पण कुणाला म्हणजे कुणालाच नाही, अशी ती शपथ होती, आणि विल्फ प्रीस हा शब्दाचा पक्का. शिवाय त्याला खात्री वाटत होती म्हणे, की तो पट्टा कुंपणाच्या आतल्या, शेताकडच्या अंगाला आहे, यंत्र तिथवर जाणारच नाही.

फिलिपानं टाचण्यांची डबी न उघडता परत नेली. तिला वाटलं, या लोकांना काही पडलेली नाही.

मी ऑक्टोबरच्या शेवटी घरी आले, काठी टेकत. पबचं काम माझी भाची बघत होती, मी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायची आणि तिच्या चुका काढायची. यंदा थंडी उशिरा आली. नुसता पाऊस आणि चिखल. विल्फ दोनदा येऊन गेला, खिडकीतून आभाळाकडे बघत, "अजून नाही," म्हणाला. यंत्र अपर फार्मवर फिरून गेलंय एवढं मी ऐकलं होतं, पण कुठलं कुंपण, किती, ते कुणी बोललं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते तोंड चुकवत होते. विल्फ फुलं येऊन गेल्यावर एकदोनदाच तिकडे गेला होता, सारखं गेलं तर कुणी बघेल म्हणून. आणि बसनं तो जात नसे, आयुष्यभर गाडी चालवल्यावर दुसऱ्याच्या हातात चाक बघवत नाही म्हणायचा.

मग एका सकाळी उठले तर समोरचं मैदान पांढरंशुभ्र. काचेवर नक्षी. न्याहारी आटोपून मी खिडकीत बसते न बसते तोच विल्फ समोरून गेला. दाढी केलेली, रविवारचा कोट, हातात टोपली, टोपलीवर चर्चचं मासिक पसरलेलं. आणि टेकडीकडे न जाता तो नदीकडच्या रस्त्याला लागला. म्हणजे लांबून वळसा घालून जाणार, कुणाला कळू नये म्हणून. मला इतकं हसू आलं! मी भाचीला म्हटलं, "बघ गं, चोर निघाला."

दुपारच्या आधीच परत आला. सरळ पबमध्ये आला, टोपली टेबलावर ठेवली आणि बसला. त्याच्या कोटाची बटणं वरखाली लागली होती, का ते मला कळलं नाही, सकाळी तर नीट होती. टोपलीत काही नव्हतं.

"गेलं," म्हणाला.

"काय गेलं?"

"सगळं. एवढं राहिलंय." त्यानं हात गुडघ्यापाशी धरला. "लाकडं फाडल्यासारखी नुसती. मला आधी वाटलं, मी चुकून दुसऱ्या शेतात आलो. मग ती लाकडी पायरी दिसली. चिखलात बघितलं. चार फळं सापडली असती, पण तीही चाकाखाली गेलेली."

जुन्या लाकडाला फळ येतं. पुन्हा तेवढं वाढून लगडायला वर्षं जातात, आणि विल्फ ऐंशीला टेकलेला. हिशोब त्यानंही केला असणार. भाचीनं त्याच्यापुढे ब्रँडी ठेवली. मी माझी गेल्या वर्षीची पिशवी आठवून म्हटलं, "विल्फ, माझ्याकडे फ्रीजरमध्ये आहेत. तू ने सगळी. बरणी भरून होतील."

"तुझी आहेत ती," म्हणाला. "चांगली असतील. पण नको."

मी भाचीला फोन आणायला सांगितला आणि तिथल्या तिथे फिलिपाला झापायला घेतलं. ती पोर ऐकून घेत राहिली, आणि मग तिचा आवाज कापायला लागला. "मिसेस बेडोज, मी विचारलं होतं हो. मी टाचण्या आणल्या होत्या. एकानं, फक्त एकानं जरी बोट ठेवलं असतं..." मी "तुझं नाही चुकलं, बाळ," म्हटलं आणि फोन ठेवला.

विल्फ ब्रँडीकडे बघत होता. "तिचं खरंच नाही चुकलं," म्हणाला. "तिनं विचारलं होतं. मी माझ्या मनानं गप्प बसलो. पण थेल्मा, एक आहे. मी शब्द मोडला नाही. झाड गेलं, पण जागा मी कुणाला कळू दिली नाही. तेवढं तरी तिचं राखलं."

आणि त्या क्षणी कोपऱ्यात बसलेला क्लेम, ज्यानं सकाळपासून तोंडातून ब्र काढला नव्हता, तो उठला. त्याचा चेहरा लालभडक. इतके दिवस पोटात ठेवलेलं त्याला ठेववेना.

"अरे कसला शब्द, विल्फ! ती ऑल्वेनची जागा होती हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं! बसमधून तिची टोपी दिसायची! ती पायरी कुणी ठोकली वाटतं तुला? मी ठोकली! आम्ही सगळे त्या हॉलमध्ये तुझ्या तोंडाकडे बघत बसलो होतो, की हा आता बोलेल, आता बोलेल. तू नुसतं बोट वर केलं असतंस ना, तर सगळा हॉल उभा राहिला असता!"

"क्लेम!" मी ओरडले. काठी आपटली. "चालता हो इथून!"

तो गेला. टोपीसुद्धा घ्यायची विसरला. दारातून बाहेर पडताना तो डोळे पुसत होता, हे मी पाहिलं, पण तेव्हा मला त्याची दया आली नाही.

विल्फ मात्र चिडला नाही. आश्चर्य वाटल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"तुलाही माहीत होतं?"

खोटं बोलण्यात मी या गावात कुणाला हार जाणार नाही, पण त्या माणसापुढे जीभ वळेना. "हो," म्हटलं.

"आणि तिला? तुम्हाला माहीत आहे हे तिला माहीत होतं?"

"होतं रे."

"मग मला शपथ कशाला घातली तिनं?"

"चेष्टा केली, विल्फ. तुमची नेहमीची. अंगात त्राण नव्हतं, तरी केली. तिला वाटलं असेल, तू म्हणशील, चंद्रावर कुणाला सांगायला जाणार मी? तू हसशील असं वाटलं असेल तिला."

"मी हसलो नाही," विल्फ म्हणाला. "मी रडत होतो. मी म्हटलं, शपथ घेतो."

शेकोटीतलं लाकूड खाली बसलं, भाचीनं दुसरं घातलं. मग त्यानं जे विचारलं, ते तो कधीतरी विचारणार हे मला ठाऊक होतं.

"म्हणजे सगळ्या गावाला माहीत. फक्त मलाच नाही. मला का नाही सांगितलं तिनं, थेल्मा?"

"तू कधी विचारलं नाहीस म्हणून."

"मी? मी दरवर्षी विचारायचो!"

"चेष्टेत विचारायचास. ती परत आल्यावर विचारायचास. ती काय म्हणायची सांगू? म्हणायची, एकदा तरी बूट घालून बाहेर येऊन म्हणेल, थांब, मीही येतो. मग त्याला नेईन आणि सगळं दाखवीन. मी तिला म्हणायची, तूच बोलाव की त्याला, तोंड आहे ना? तर म्हणायची, बोलावल्यावर आला तर त्यात काय मजा? त्याला कंटाळा आहे असल्या गोष्टींचा, राहू दे."

"कंटाळा?"

तो शब्द त्यानं दोनदा उच्चारला. त्याचे ते मोठे, टँकरचं चाक धरून धरून जाड झालेले हात टेबलावर पडले होते.

"माझी आई किती वर्षं अंथरुणावर होती, तुला आठवतं ना? तिचं सगळं ऑल्वेन करायची. हागणं-मुतणं, भरवणं, रात्रीचं उठणं. तिला वर्षातून ही एक दुपार मिळायची. मी कामावरून रजा काढायचो त्या दिवशी. आईपाशी मी बसायचो, तिला जाऊ द्यायचो. परत आली की गाल लाल झालेले असायचे, गुणगुणत असायची. मी म्हटलं, ही दुपार हिची. हिच्यात आपण लुडबुडायचं नाही. कुठे जाते, काय करते, विचारायचंसुद्धा नाही. चेष्टा करायची आणि सोडून द्यायचं. मग आई गेली. त्यानंतर वाटायचं जावं तिच्याबरोबर. दरवर्षी वाटायचं. ती फाटकापर्यंत जाईपर्यंत मी खिडकीत उभा असायचो. पण म्हटलं, आता मागे लागलो तर तिला वाटेल, एवढी एक गोष्ट माझी होती, तीही यानं घेतली."

"अरे देवा, विल्फ," मी म्हटलं.

"ती फाटकापाशी थांबायची जरा," तो म्हणाला. "दरवर्षी थांबायची. मला वाटायचं, हातमोजे घालतेय."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. आमच्यात असं कुणी करत नाही, पण मी ठेवला, आणि त्यानं काढून घेतला नाही.

"मी गेलो असतो गं," विल्फ म्हणाला. "त्यात काय होतं? मी गेलो असतो."